केरळच्या पाण्यातून सोळा दिवस: आम्ही दोघं, वीस फुटी बोट आणि जलपर्णी

सुकाणूवाला

निवृत्तीनंतर काय करता या धाग्यावर मी एका ओळीत लिहून गेलो होतो की यंदा जानेवारीत आम्ही नवरा-बायको कोल्लमहून कोट्टापुरमपर्यंत छोट्या बोटीने गेलो. त्यावर तिघा-चौघांनी "वेगळा धागा काढा" असा दम दिला. म्हणून हा धागा. फोटो शेवटी टाकतो. आधी टाकले की मजकूर कोणी वाचत नाही.

पहिला खुलासा: हाउसबोट नव्हती. हाउसबोट म्हणजे तरंगतं मंगल कार्यालय. सकाळी अकराला चढायचं, जेवायचं, झोपायचं, भजी खायची आणि साडेपाच वाजता ती काठाला लागली की टीव्ही बघायचा. आमची बोट वीस फुटी, फायबरची, वर ताडपत्रीचं छप्पर, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. आत दोन बाकं, एक थंडपेटी, पेट्रोलचे दोन कॅन आणि आमच्या दोन सॅक. इंजिनाची बोट चालवायला लायसन्सवाला माणूस लागतो, त्याला तिकडे 'स्रांक' म्हणतात. आपल्याकडचा सारंग तो हाच. आमचा स्रांक साठीचा, अलप्पुळाच्या बाजूचा. आम्ही त्याला चेट्टन म्हणायचो, म्हणजे थोरला भाऊ, आणि तो हिला 'मॅडम' आणि मला काहीच नाही. का ते पुढे कळेल.

मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ३. कोल्लम ते कोट्टापुरम १६८ किलोमीटर, चंपक्करा आणि उद्योगमंडल हे दोन फाटे धरून २०५. १९९३ साली तो राष्ट्रीय जलमार्ग झाला आणि २०१६ च्या कायद्याने उत्तरेला कोळिकोडपर्यंत वाढला. आम्ही जुन्या टप्प्यातच राहिलो. ताशी आठ किलोमीटर, म्हणजे गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रोडवर रिक्षा जाते तसे. नुसतं अंतर कापायचं तर तीन दिवस पुरेत. आम्ही सोळा लावले, कारण प्रत्येक फाट्याला "हा कुठे जातो?" असं ही विचारायची आणि चेट्टन वळवायचा.

जायला पुणे-कन्याकुमारी एक्सप्रेस, दोन रात्री. यायला एर्नाकुलमहून पूर्णा एक्सप्रेस, ती कोकणातून येते.

कोल्लमचा अष्टमुडी तलाव नावाप्रमाणे आठ फाट्यांचा. तिथे पहिले दोन दिवस फक्त शिकण्यात गेले. आउटबोर्डचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. हे वाचायला सोपं आहे. समोर मासेमारीच्या चिनी जाळ्याचा खांब आला की हात आपोआप स्कूटरसारखा वळतो आणि बोट सरळ खांबावर. मी तिसऱ्या दिवशीही चुकत होतो. हिला अर्ध्या तासात जमलं. कसं विचारलं तर म्हणाली, "बत्तीस वर्षं संसार केलाय. सांगेन त्याच्या उलट होतं, यात मला नवीन काय?" चेट्टनला मराठी येत नाही, पण तो हसला. त्या दिवसापासून दांडा तिच्याकडे.

तिथून चवऱ्याचा कालवा. काठाची वाळू काळपट, कारण तिच्यात इल्मेनाइट हे टायटॅनियमचं खनिज आहे आणि ती खणून नेतात. पुढे अमृतपुरीचा पूल. पश्चिमेला समुद्र इतका जवळ की कालव्यात बसून लाटा ऐकू येतात, मध्ये एका वाडीएवढी जमीन. २००४ च्या त्सुनामीने हीच पट्टी धुऊन नेली होती. मग कायमकुळम तलाव, तृक्कुन्नप्पुळाचं लॉक (म्हणजे बोट पलीकडे सोडणारी, दोन दारांची पाण्यातली खोली) आणि पल्लना. पल्लनाला चेट्टनने इंजिन बंद केलं, आम्हाला वाटलं बिघडलं. पण तो टोपी काढून उभा राहिला. मल्याळी कवी कुमारन आशान १६ जानेवारी १९२४ रोजी कोल्लमहून अलप्पुळाला येत असताना इथेच 'रिडीमर' नावाची बोट उलटून बुडाले. काठावर त्यांचं स्मारक आहे. आमचा स्रांक शाळा सातवी सोडलेला. त्याने आशानांच्या चार ओळी म्हटल्या आणि परत दोरी ओढली.

थांबतो. हात दुखला. कुट्टनाड आणि जलपर्णीचं उद्या.

कर्वेनगरकर

वाचतोय. हाउसबोटीला मंगल कार्यालय म्हटल्याबद्दल हाउसबोटवाले रागावतील आणि मंगल कार्यालयवाले जास्त.

अनघा_ट

काका, मस्त. पण तुम्ही पुरुष लोक मुख्य मुद्दा नेहमी गाळता. बाथरूमचं काय?

डबल_शिफ्ट

आणि खर्चाचं?

सुकाणूवाला

अनघाताई, बोटीवर सोय नव्हती आणि ते बरंच होतं. पाण्यात घाण सोडायचा प्रश्नच नाही. चौदा रात्री काठावरच्या घरगुती मुक्कामांत, दोन रात्री बोटीत. दिवसा दर दीड-दोन तासांनी जेटी किंवा चहाची टपरी लागते, तिथे विचारायचं. एकाही घरात नाही म्हणाले नाहीत. एका आजींनी तर हिला आत नेलं ते तासाभराने बाहेर सोडलं, सोबत पापडाची पुडी.

डबल_शिफ्ट, बोट आणि स्रांक यांचा दर घासाघीस करून ठरतो, म्हणून माझा आकडा इथे लिहीत नाही, नाहीतर पुढच्याला तोच पाया होईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. पेट्रोल अर्ध्या गतीवर ताशी दोन लिटरच्या आसपास. आम्ही रोज सरासरी तीन तास चाललो. एवढं सांगतो की दोघांच्या सोळा दिवसांचा खर्च आमच्या शेजाऱ्यांच्या आठ दिवसांच्या युरोप टूरच्या निम्म्याहून खाली होता.

तळजाई

चौदा आणि दोन सोळा. बोटीतल्या दोन रात्रींबद्दल सविस्तर लिहा. डास?

सुकाणूवाला

डासांची मच्छरदाणीने सोय होते. मुंग्यांची होत नाही.

पहिली बोटीतली रात्र कैनकरीजवळ. माडाच्या बुंध्याला दोरी बांधली, बाकांवर फळ्या टाकल्या, वर मच्छरदाणी. साडेनऊला झोपलो. अकराला ही उठून बसली, "काहीतरी चावतंय." टॉर्च मारला तर माडावरून दोरीवर, दोरीवरून बोटीत, लाल मुंग्यांची शिस्तीत रांग. पालखीला वारकरी निघावेत तशी, दुतर्फा. एक फळी आमच्या थंडपेटीकडे वळलेली, कारण तिच्यात हिने केळी ठेवली होती. चेट्टन जवळच्याच घराच्या ओट्यावर झोपला होता. हाक मारली. त्याने डोळे न उघडता खिशातून चिंधी काढली, इंजिनाच्या डब्यातलं रॉकेल तिच्यावर ओतलं आणि दोरीच्या मध्यावर गुंडाळली. रांग तिथे थांबली, थोडी घुटमळली आणि मागे फिरली. तो परत जाऊन झोपला. ही क्रिया एक मिनिटाची. दुसऱ्या दिवशी "आधीच का नाही बांधलीस?" असं मी विचारलं तर म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही."

आता कुट्टनाड. तो भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, कुठे अर्धा मीटर, कुठे दोनपेक्षा जास्त. हे मी वाचून गेलो होतो, पण डोक्यात बसलं नव्हतं. बोट कालव्यात, कालव्याला मातीचा बांध आणि बांधापलीकडे भाताचं शेत बोटीच्या खाली. म्हणजे आपण पाण्यावर बसून शेतात वाकून बघतो. खाली एक माणूस पाठीवर फवारणीचा पंप घेऊन चालला होता, त्याचं डोकं आमच्या तळाच्या पातळीला. हिने हात केला, त्याने मान वर करून हात केला. अशा बांधलेल्या शेतांना पाडशेखरम म्हणतात. आतलं पाणी पंपाने उपसून कालव्यात टाकायचं आणि मग पेरायचं. खोरं उपसून शेती करणारे लोक. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीपद्धतीला जागतिक कृषी वारशाच्या यादीत घेतलं.

इथे बोटीने हळू जायचं असतं. दोन्ही काठांवर लोकांच्या मोऱ्या आहेत. आपली लाट गेली की बाईने घासून ठेवलेलं पातेलं पाण्यात. पर्यटकांच्या स्पीडबोटी हे रोज करतात.

भाऊचा_धक्का

सुकाणूवालासाहेब, वाचून जुनं काहीतरी हललं. आमचं गाव जयगडजवळ. लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने जायचो. बोट बंदरात लागत नसे, बाहेर नांगर टाकायची आणि पडाव यायचे. आई लहान भावाला काखेत मारून बोटीच्या शिडीवरून हिंदकळत्या पडावात उतरायची. खलाशी झेलायचा. लाइफ जॅकेट हा शब्दही माहीत नव्हता.

म्हणून एक विचारतो, थोडं कडू वाटेल. सुरक्षेचं काय? १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट रेवसला जाताना काश्याच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या आळीत दोन घरं त्यात होती. केरळातही २००२ मध्ये मुहम्मा-कुमरकोम बोट बुडून २९ गेले आणि २०२३ च्या मे महिन्यात तानूरला २२. मुहम्मा-कुमरकोमच्या त्याच पाण्यातून तुम्ही गेलात.

सुकाणूवाला

कडू नाही, हेच विचारायला हवं होतं. तानूरची बोट काळोख पडल्यावर आणि भरमसाट माणसं घेऊन निघाली होती. आमचे नियम तीन. जॅकेट सकाळी चढवायचं ते संध्याकाळी काठावर उतरल्यावरच काढायचं, उकाड्याने जीव गेला तरी. पाचनंतर हलायचं नाही, कारण मच्छीमार रात्री जाळी टाकतात, हाउसबोटीही म्हणूनच संध्याकाळी थांबतात. आणि वेंबनाड दुपारच्या आत पार करायचं.

तिसरा नियम आम्ही एकदा मोडला. वेंबनाड तलाव लांबीला सुमारे ९६ किलोमीटर, पण उथळ. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. उथळ पाण्यात लाट बुटकी पण उभी असते, एकामागे एक, श्वास घ्यायला वेळ देत नाही. पातिरामणल बेटावर पक्षी बघत बसलो आणि निघायला दीड वाजला. वीस मिनिटांचं अंतर सव्वा तास लागला. बोटीचा तळ सपाट, प्रत्येक लाटेला धप्प. माझा चष्मा गेला. हिने दांडा चेट्टनकडे दिला, काही बोलली नाही, आणि बोलली नाही म्हणजे काय हे बत्तीस वर्षांत मला कळतं. काठाला लागल्यावर चार तास आमचं बोलणं बंद. वीस फुटांत रुसायला जागा नसते. ती पुढच्या बाकावर पाठ करून, मी मागच्या बाकावर पाठ करून आणि मध्ये चेट्टन नारळ सोलतोय.

भाऊचा_धक्का

समाधान झालं. आता दुसरा प्रश्न. केरळ कशाला? दाभोळ-वाशिष्ठी, जयगड-शास्त्री, बाणकोट-सावित्री, राजपुरी, कुंडलिका या सगळ्या २०१६ च्या कायद्यात राष्ट्रीय जलमार्ग आहेत. आपल्याच खाड्या का नाही?

सुकाणूवाला

आधी तेच ठरवलं होतं. मग भरती-ओहोटीचं कोष्टक बघितलं. मुंबईला उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं. कोचीला भरती-ओहोटीतला फरक मीटरभरच. खाडीत ओहोटीला वेळ चुकली की बोट चिखलात बसते आणि पुढची भरती येईपर्यंत सहा तास तिवरांत ताटकळायचं. नवशिक्यांनी तिथे सुरुवात करू नये असं माझं मत. शिवाय केरळात काठावर घर, जेटी, टपरी सतत आहे. आपल्या खाड्यांत दोन तास माणूस दिसत नाही. ते सौंदर्य आहेच, पण पेट्रोल संपलं तर सौंदर्य खायचं का?

भाऊचा_धक्का

खाडीतल्या माणसाला भरतीचं कोष्टक लागत नाही, तिथीवरून कळतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. भांगाच्या दिवसांत या, मी स्वतः दाभोळ ते गोवळकोट नेतो. आमचा पुतण्या होडीवाला आहे.

सुकाणूवाला

हात जोडून हो. तारीख सांगा.

जलपर्णी_हटाव

शीर्षकात जलपर्णी बघून आलो आणि अजून एक पान जलपर्णीचं नाही. मुळा-मुठेत दर हिवाळ्यात ती काढायला जाणाऱ्यांपैकी मी एक. सांगा लवकर.

सुकाणूवाला

तुमच्यासाठीच राखून ठेवलं होतं.

अलप्पुळा सोडून कुमरकोमच्या बाजूला निघालो तर एका वळणानंतर पाणी संपलं. म्हणजे होतं, पण दिसत नव्हतं. काठापासून काठापर्यंत हिरवं, वर जांभळी फुलं, बगळे त्यावरून चालत. संगमाच्या पुलावरून फेब्रुवारीत दिसतं अगदी तेच. तिकडे तिला कुळवाळ म्हणतात, म्हणजे तळ्यातली केळ. नाव प्रेमळ आहे.

चेट्टन पुढे वाशाने ती बाजूला सारत होता, मागे दांडा त्या दिवशी हट्टाने माझ्याकडे. आता आउटबोर्ड इंजिन खालून पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं आणि ते पाणी मागच्या छिद्रातून बारीक धारेने बाहेर पडत राहतं. ती धार म्हणजे इंजिनाची नाडी. मी पुढे बघत होतो. ही मध्ये पाठमोरी बसून मोसंबी सोलत होती. एकदम म्हणाली, "पाणी गेलं."

मी म्हटलं, चहूकडे पाणीच आहे.

"अहो, नळाचं गेलं!"

आमच्या भागात पहाटे साडेपाचला पाणी येतं आणि सव्वासातला जातं. गेली तीस वर्षं ती झोपेतसुद्धा त्या धारेवर कान ठेवून असते. पिंप सुकलं की तिला आधी कळतं. इंजिनाच्या घरघरीत ती सुतळीएवढी धार थांबलेली तिला ऐकू आली. मागे वळून बघितलं तर छिद्र कोरडं. चेट्टनने धावत येऊन इंजिन बंद केलं, वर उचललं. पाणी ओढण्याच्या जाळीवर काळ्या, ओल्या केसांसारख्या मुळांचा गुंता आणि त्यात गोणपाटाची एक चिंधी. बोटांनी काढायला दहा मिनिटं, इंजिन निवायला वीस. त्या अर्ध्या तासात बोट जलपर्णीत तशीच उभी, एक इंच हलली नाही. नांगरसुद्धा टाकावा लागला नाही.

चेट्टनने त्यानंतर मला एकच गोष्ट सांगितली, इंग्रजीतून आणि हातवाऱ्यांनी: "मॅडम कॅप्टन. यू, टिकट."

कर्वेनगरकर

म्हणजे तुमचा आयडी बदलायला हवा.

जलपर्णी_हटाव

आता माझा प्रश्न. वेंबनाडमध्ये ती दक्षिणेला गच्च आणि उत्तरेला नाही असं ऐकलंय. तुम्ही दोन्हीकडे गेलात. खरं का?

सुकाणूवाला

अगदी खरं आणि त्याची सीमारेषा बघायला मिळते. तण्णीरमुक्कमला तलावावर आडवा बंधारा आहे, साधारण सव्वा किलोमीटरचा, सत्तरच्या दशकातला. कुट्टनाडच्या भाताला समुद्राचं खारं पाणी लागू नये म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून त्याची दारं पाडतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत. दारं पडली की दक्षिणेकडे गोडं, थांबलेलं पाणी, त्यात शेतातलं खत आणि गावांचं सांडपाणी. जलपर्णीला पक्वान्नाचं ताट. बंधाऱ्याला बोटींसाठी लॉक आहे. आत शिरलो तेव्हा आमच्या बोटीभोवती हिरवी दाटी होती. मागचं दार बंद, पुढचं उघडलं आणि आम्ही बाहेर पडलो तेव्हा शंभरेक मीटरवर पिवळ्या पडलेल्या, कुजक्या पानांचे तुकडे तरंगत होते. अर्ध्या तासाने तेही नाहीत. हिने हाताचं बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं. खारट.

दारं उघडली की खारं पाणी आत येतं आणि जलपर्णी मरते. मच्छीमारांना आणि शिंपले काढणाऱ्यांना दारं लवकर उघडी हवी असतात, भातवाल्यांना पीक निघेपर्यंत बंद. चेट्टनचा एक भाऊ शिंपलेवाला, मेव्हणा भातवाला. ओणमला जेवायला एकत्र बसतात, पण हा विषय काढायचा नाही असा घरात नियम आहे.

जलपर्णी_हटाव

हे वाचून एकच वाटतं, आपल्याकडे उघडायला दारच नाही. मुठेला वर धरण आणि खाली बंधारे, मधे शहराचं सांडपाणी. नायट्रोजन, फॉस्फरस हवं तेवढं. आम्ही पाच ट्रक काढतो, पंधरा दिवसांत परत तेवढीच. नदी वाहती असती तर निदान पुढे गेली असती.

कर्वेनगरकर

मंडईतून मिठाची पोती आणून म्हात्रे पुलावरून टाकू. मी दोन पोती देतो.

जलपर्णी_हटाव

हसू आलं, पण कृपया कोणी खरंच करू नका. मागे एकाने ॲसिड टाकू का विचारलं होतं.

टॅम्पाकर

धागा छान. मुलीकडे फ्लोरिडात असतो. इथे ओकीचोबी जलमार्ग आहे, स्टुअर्टपासून तलाव पार करून फोर्ट मायर्सपर्यंत, पाच लॉक. जावयाच्या मित्राच्या बोटीत एकदा गेलो. लॉकमध्ये दोरी खांबाला बांधायची नाही, हातात धरून सोडत राहायची, नाहीतर पाणी उतरलं की बोट दोरीला लटकते. मॅनेटी नावाचा मोठा, सुस्त, शाकाहारी प्राणी असतो, त्याच्यासाठी जागोजागी हळू चालवण्याच्या पाट्या. आणि हो, जलपर्णी तिथेही आहे. मॅनेटी ती खातो.

कर्वेनगरकर

मग मुठेत मिठापेक्षा मॅनेटी बरा.

तळजाई

धाग्याचा मॅनेटी होण्याआधी कोचीचं लिहा.

सुकाणूवाला

कोचीचं थोडक्यात, कारण तिथे आम्ही दोघंही हात जोडून बसलो होतो आणि दांडा चेट्टनकडे. वैकमच्या फेरीपर्यंत सगळं निवांत. तिथे २०१७ पासून सौरऊर्जेवर चालणारी 'आदित्य' फेरी आहे. ती बाजूने गेली तेव्हा फक्त पाणी कापल्याचा आवाज आला. आमच्या इंजिनाची लाज वाटली. पेरुंबळम, अरूर आणि मग एकदम बंदर. विलिंग्डन बेट, नौदल, वॉटर मेट्रोच्या पांढऱ्या-निळसर बोटी, वल्लारपाडमच्या क्रेनखाली कंटेनरची जहाजं. जहाजाशेजारून जाताना भिंतीशेजारून चालल्यासारखं वाटतं आणि ती भिंत हलत असते. ओहोटी लागली होती, पाणी जोरात समुद्राकडे निघालेलं. पूर्ण गतीवर असूनही व्हायपीनचा काठ जागचा हलेना. चेट्टनने काठाकाठाने, चिनी जाळ्यांपासून लांब राहत, फोर्ट कोचीच्या तोंडाला वळसा टाळून आत घेतलं. चेराई, मुनंबम, पेरियारचं मुख आणि कोट्टापुरम. संपलं. जेटीवर चहा घेतला, चेट्टन म्हणाला "ओके" आणि आमची बोट घेऊन परत निघून गेला. सोळा दिवसांनंतर एवढंच. ही मात्र रडली.

खरी_सुकाणूवाली

नमस्कार. मी 'ही'. आज आयडी काढला, कारण धागा वाचून मैत्रिणीचा फोन आला की तू रडलीस म्हणे. मी रडले नाही. डोळ्यात सनस्क्रीन गेलं होतं.

आणि दोन दुरुस्त्या. पातिरामणलला निघायला उशीर पक्ष्यांमुळे नाही झाला. यांना पाणकोंबडीचा फोटो हवा होता आणि फोटोत शेवटी आलं ते चेट्टनचं कोपर. दुसरं, चार तास नाही, जेमतेम दोन. जेवायच्या आधी बोलले होते, "मीठ द्या" एवढं.

यांनी एक गोष्ट लिहिलीच नाही, कारण तेव्हा हे चष्मा शोधत फिरत होते. मट्टनचेरीला देवळाजवळ एका दुकानात मी कोकम आहे का विचारलं, इंग्रजीतून. दुकानातली म्हातारी आत बघून कोणाला तरी कोकणीत काहीतरी म्हणाली. मी सावंतवाडीची. मला कळलं. मी मालवणीत उत्तर दिलं. त्या बाईने वजनकाटा खाली ठेवला. मग मी पुण्यात राहते, माहेर सावंतवाडी, सासर सातारा, हे सगळं तिला सांगावं लागलं आणि तिचं घराणं गोव्याहून कधी आलं ते मला ऐकावं लागलं. कोकम नव्हतंच. तिने उकड्या तांदळाची पेज आणि कैरीचं लोणचं दिलं. निघताना विचारलं की परत कधी. मी म्हटलं बोटीने येणार असले तर सांगेन. ती म्हणाली, तिचे आजोबा बोटीनेच आले होते, तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

अनघा_ट

काकू, तुम्हीच लिहा पुढचा धागा!

डबल_शिफ्ट

काकू, मी आणि बायको पुढच्या डिसेंबरात जायचं म्हणतोय. एकच सांगा, नक्की काय न्यायचं?

खरी_सुकाणूवाली

कमी. आम्ही चार जोड कपडे नेले, दोन वापरले. सुती, लांब बाह्यांचे, कारण पाण्यावरून ऊन दोनदा लागतं, वरून आणि खालून. मोबाइलसाठी गळ्यातली जलरोधक पिशवी. नायलॉनची दहा मीटर दोरी. रॉकेलची छोटी बाटली, का ते वाचलंच असेल. चष्मा असेल तर त्याला मागे दोरी, दोघांच्याही.

लाइफ जॅकेट बोटीवाल्याकडचं बहुतेक मोठ्या मापाचं असतं. ते घालून खांद्याच्या पट्ट्या दुसऱ्याला वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. स्वतःचं पुण्यातून घेऊन गेलात तर उत्तम. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या आणि शिट्टी आहे का बघा.

डिसेंबरच्या मध्यानंतर गेलात तर बंधारा बंद असेल आणि जलपर्णी तुमच्या वाट्याला येईल. बायकोला मधल्या बाकावर बसवू नका. मागे बसवा, धारेपाशी.

डबल_शिफ्ट

तिने वाचलं. म्हणतेय दांडाच देणार असशील तर येते.

भाऊचा_धक्का

सुकाणूवाला दांपत्यास, वाशिष्ठीसाठी पंचांग बघून ठेवलंय. येत्या अष्टमीला भांग आहे, शनिवारही आहे. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून एसटी पकडा. दोघांचं की एकाचं तिकीट काढू?

खरी_सुकाणूवाली

दोन. यांचा नवा चष्मा गुरुवारी मिळतोय.